पेवाच्या झाकणावर उभारलेला खांब

नाव : वामन नारायणराव तितरमारे. वय : ७४ वर्षे. व्यवसाय : सेवानिवृत्त शिक्षक (मराठी), कुही तालुक्यातील जिल्हा परिषद शाळा. राहणार : हुडकेश्वर, जुनी वस्ती, नागपूर. जबाबाची तारीख २४/०२/२०२५, वेळ सकाळी ११.२०.

मी वरील पत्त्यावर जन्मापासून राहतो. माझा पुतण्या अमोल चंपतराव तितरमारे, वय ४२, धंदा जुन्या गाड्या घेऊन विकणे, याने दि. २२ रोजी माझ्याविरुद्ध तक्रार दिली असून ती मला वाचून दाखवण्यात आली. तक्रारीत दोन गोष्टी आहेत. एक, आमच्या कोठारातील फळ्यांखालची तुळई मी करवतीने कापून ठेवली. दोन, त्या फळ्यांखाली पेव आहे हे मला माहीत असून मी मुद्दाम सांगितले नाही. त्यामुळे शुक्रवार दि. २१ रोजी त्याची गाडी खाली गेली व त्याची पत्नी सौ. वंदना हिला जबर दुखापत झाली, असे त्याचे म्हणणे आहे. त्याबाबत मला समक्ष विचारल्यावरून, कोणाचा दाब नसताना, मी खालीलप्रमाणे सांगतो.

पहिली गोष्ट धादांत खोटी आहे. माझ्याकडे करवत नाही. चौतीस वर्षे फळ्यावर लिहून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्टसुद्धा डाव्या बाजूने चढवावा लागतो. असा माणूस सागवानी तुळई कापत नाही. कापाकापी कोणी केली ते पुढे येईल. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर हो की नाही एवढेच द्या, असे मला सांगण्यात आले. तेवढ्यात ते बसत नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

आमच्या अंगणाच्या पूर्वेला धानाचे कोठार आहे. ते माझ्या आजोबांनी बांधले. लांबी तीस फूट, रुंदी अठरा फूट, भिंती दगडमातीच्या, वर कवेलूंचे छप्पर. आतली भुई सागवानी फळ्यांची आहे. फळ्या दोन इंच जाड असून जमिनीपासून दीड हात उंच तुळयांवर अंथरल्या आहेत. धानाला ओल लागू नये आणि खालून वारा खेळावा म्हणून तशी रीत होती. दारापासून पाचव्या फळीखाली पेव आहे. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड लहान व पोट मोठे. आमचे पेव बारा फूट खोल असून त्याच्या तोंडावर एक सपाट दगड बसवलेला होता. मी सहावीत असताना ते शेवटचे उघडले. दगड बाजूला करून अर्धा दिवस ते तसेच सोडले, मग दोराला कंदील बांधून खाली सोडला, आणि कंदील विझत नाही हे पाहिल्यावरच माणूस आत उतरला, कारण बंद पेवातली हवा विषारी असते. आतली ज्वारी काळी पडली होती. ती काढून टाकली, पेव रिकामे ठेवले, दगड पुन्हा बसवला आणि त्यावरून फळ्या टाकल्या. हे पाहणारे घरातले चार जण होते. तिघे वारले. चौथा मी.

त्या पाचव्या फळीचा आवाज निराळा होता. मी आणि माझा मोठा भाऊ चंपतराव शाळेतल्या कविता तिच्यावर उभे राहून म्हणत असू. बाकीच्या फळ्यांवर पोराचा आवाज पोराचाच राही. त्या फळीवर तोच आवाज खाली जाऊन, भरून, मोठ्या माणसाचा होऊन वर येई. सहावीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मला त्या फळीवर पाठ झाल्या. बाहेर मळणी चाललेली असायची, दारातून उन्हाची एक लांब पट्टी आत पडायची आणि तिच्यात धानाचा भुसा तरंगत असायचा. आजही एखादी ओळ आठवली की ती मला आधी तळपायाला लागते. हा मजकूर जबाबात घेण्याची जरूर नाही असे लिहून घेणाऱ्या साहेबांचे म्हणणे पडले. तो माझ्या आग्रहावरून घेतला आहे. पेव नेमके कोणत्या फळीखाली आहे हे तुम्हाला कसे माहीत, असे त्यांनीच विचारले होते.

चंपतराव मार्च २०१९ मध्ये वारला. अमोल हा त्याचा एकुलता मुलगा. मी लग्न केलेले नाही. कोठारात माझ्या दोन लाकडी पेट्या होत्या. मी शिकवलेल्या प्रत्येक वर्षाचे मराठीचे पुस्तक त्यांत होते, आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी स्वतः रचलेल्या कवितांच्या वह्या होत्या. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातून परत येत असताना रद्दीवाल्याची हातगाडी कोपऱ्यावर वळताना पाहिली. वरची वही वाऱ्याने उघडत होती, मिटत होती. अक्षर मी ओळखले. घरी येऊन अमोलला विचारले. तो म्हणाला, “उंदरायले पोसून राहिले होते काय? धा वर्षांत कोणी उघडली का थे पेटी?” मी म्हणालो, आजपासून तुझ्याशी बोलणार नाही. तो म्हणाला, “बरं झालं. कान तरी किटणार नाही.” त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

एका घरात सहा वर्षे न बोलता कसे राहिलात, असे मला विचारण्यात आले. अंगण एक, पाण्याची टाकी एक, तेव्हा बोलणे भाग होते. ते वंदनामार्फत होई. मी म्हणायचो, “वंदना, त्याले सांग, फाटक लावून घे.” ती त्याच्याकडे वळून म्हणे, “काकाजी म्हणून राहिले, फाटक लावा.” तो तीन हातांवर उभा राहून सगळे ऐकत असे, पण तिने म्हटल्याशिवाय हलत नसे. त्याचे बोलणे तिने मला सांगितल्याशिवाय मीही ऐकले असे धरत नसे. शिव्याही याच वाटेने जात. वंदना त्या गाळून सांगे, पण ज्याला लागायच्या त्याला आधीच लागलेल्या असत. एकदा तापात तिचा घसा बसला तेव्हा तिने आठ दिवस हातवारे करून आमचा संसार चालवला.

ती माहेरी गेली की घरात बोलणे नसे. मागच्या मे महिन्यात ती तीन दिवस कुहीला होती. पंप चालू राहून टाकी वाहू लागली. बटन माझ्या पडवीत, पंप सुरू केला होता त्याने. मी खिडकीतून पाहत होतो, तो त्याच्या दारातून पाहत होता. अंगणात घोट्याएवढे पाणी झाले. शेवटी शेजारचा केशव मिस्त्री भिंतीवरून उडी मारून आला, बटन बंद केले आणि म्हणाला, “तुमी दोघंबी येडे आहा.” वंदना परत आल्यावर आम्ही दोघांनी तिच्यामार्फत एकमेकांना दोष दिला.

या वर्षी जानेवारीत अमोलने वंदनामार्फत मला कळवले की तो विकायच्या गाड्या कोठारात ठेवणार आहे. बाहेर उन्हाने रंग जातो, माकडे टपावर नाचतात, शेजारच्या लेआउटमधल्या नव्या घरांतली पोरे किल्लीने ओरखडे काढतात, अशी कारणे सांगितली. कोठार आम्हा दोघांच्या नावावर आहे. मी म्हणालो, “त्याले सांग, फळ्यायले हात लावू नको. थ्या धानासाठी आहेत.” तो म्हणाला, “त्यायले म्हण, धान कुठं आहे? शेतावर लेआउट पडून पंधरा वर्षं झाले. आता फळ्यायले धान दाखवाले कुहीले फिरवून आणू का?” यावर मी त्याच्या अकलेविषयी व त्याच्या बापाला झालेल्या क्लेशाविषयी बरेच बोललो. वंदनाने त्यातले एवढेच सांगितले, “काकाजी नाही म्हणून राहिले.” तो म्हणाला, “त्यायले सांग, मी इचारून नाही राहिलो.”

याप्रसंगी मी फळ्यांखाली पेव असल्याचे बोललो नाही. तेव्हा तसे काही मनात नव्हते. मला वाटले, नाही म्हटले की काम थांबेल. ते थांबले नाही.

दि. ११/०२/२०२५ रोजी केशव मिस्त्रीने काम सुरू केले. काम असे होते : मधल्या फळ्या उचलायच्या, तुळयांखाली विटांचे खांब उभारायचे, फळ्या परत बसवून चाकांच्या वाटेवर लोखंडी पत्रे ठोकायचे, आणि दारात गाडी चढायला लाकडी उतार करायचा. केशव हा चांगला कारागीर आहे. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. मी दररोज खिडकीत बसून काम पाहत होतो. माझ्या खिडकीपासून कोठाराचे दार पंचवीस फुटांवर, अगदी समोर आहे.

रविवार दि. १६ रोजी वंदना भावाच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी कुहीला गेली. निघताना ती आधी माझ्या दारात आली, मग त्याच्याजवळ गेली, आणि दोघांना एकच वाक्य म्हणाली, “पाच दिवस भांडू नका, भांडाले मी नाही.”

सोमवार दि. १७ रोजी सकाळी दहाच्या सुमारास अमोलने स्वतः, यंत्राच्या करवतीने, पाचवी फळी कापली. उताराला लाकूड हवे होते. बाजूला ढीगभर नवे लाकूड पडलेले असताना त्याने तीच घेतली, कारण उचललेल्या फळ्यांत ती मधोमध होती व हाताला आली. चार तुकडे झाले. कापताना तिचा जो आवाज झाला तो मी माझ्या खोलीत दार लावून ऐकला. तुळईसुद्धा त्याच वेळी त्याच करवतीने एका कडेला कातरली गेली असावी. ती खूण पोलिसांनी पंचनाम्यात घेतली आहे. माझ्यावर करवतीचा आरोप करणाऱ्याने ते यंत्र कोणाच्या हातात होते हे केशवला विचारून पाहावे.

मंगळवार दि. १८ रोजी केशव उघड्या झालेल्या जागेत उतरला. खांबासाठी कठीण जागा शोधत तो पहारीने जमीन ठोकत होता. बाकी ठिकाणी भुसभुशीत माती लागली, तिथे त्याने एक एक हात खणून खडी भरली. मग पहार दगडावर वाजली. त्याने हाताने माती सारली आणि म्हणाला, “अमोलभाऊ, इथं तं आयती फरशी आहे. पायाच खोदाची गरज नाही.” अमोल म्हणाला, “मंग दोन खांब तिथंच ठेव. मधातच जोर येते.” सर्वांत मजबूत दिसली म्हणून त्यांनी नेमकी तीच जागा घेतली. तो दगड म्हणजे पेवाचे झाकण होते. माझ्या डोळ्यांदेखत त्या झाकणावर दोन खांब चढले, प्रत्येकी सहा थरांचे.

दुपारी साडेबाराला केशव पाणी प्यायला माझ्या पडवीत आला. तो मला गुरुजी म्हणतो. त्याने विचारले, “गुरुजी, खाली थे फरशी कोणं बसवली व्हती?” मी सांगितले, आमच्या आजोबांनी. तो म्हणाला, “मंग पक्कीच राहीन.” मी त्याला आणखी एक तांब्या पाणी दिले. त्यानंतर तो जेवायला गेला.

केशवशी तुमचा अबोला होता काय, असे मला विचारण्यात आले. नव्हता.

केशव गेल्यावर अमोल अंगणात फोनवर कोणा गिऱ्हाइकाशी बोलत होता. माझी खिडकी उघडी आहे हे त्याला दिसत होते. तो म्हणाला, “जागा झाली आपली. नाही नाही, म्हाताऱ्याचा काय तरास. थो दिवसभर खिडकीत बसून कविता चघळते. त्याले घरात ठेवलं हेच लय झालं.” हे शब्द त्याने माझ्याकडे पाहून म्हटले. मध्ये वंदना नव्हती, त्यामुळे त्यातला एकही शब्द गाळला गेला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी वंदनाला फोन केला. साखरपुडा कसा झाला ते विचारले. मुलगा गोंदियाला नोकरीला आहे असे ती म्हणाली. जेवणात काय होते ते विचारले. मग तिने विचारले, “काकाजी, त्यायच्यासाठी काही निरोप आहे का? असला तं आत्ताच फोन करून सांगतो.” मी नाही म्हणालो. फोन एकूण चार मिनिटे चालला. फोनची नोंद पोलिसांनी काढली असून ती मला दाखवली. ती बरोबर आहे.

बुधवार व गुरुवारी खांबांना पाणी मारण्यात आले. सिमेंट बसेपर्यंत गाडी चढवू नका, असे केशवने सांगितले होते. या दोन दिवसांत अमोल सकाळ-संध्याकाळ पाणी मारताना मी पाहत होतो. झाकणावरच्या खांबांना तो जास्त पाणी मारायचा. गुरुवारी दुपारी फळ्या परत बसवून, पाचवीच्या जागी नवी फळी टाकून, वर पत्रे ठोकले गेले, आणि खालचे काही दिसेनासे झाले.

शुक्रवार दि. २१ रोजी अमोल वंदनाला आणायला कुहीला गेला. जाताना मोठी, सात जण बसतील अशी गाडी नेली. मला वाटले होते की परत आल्यावर वंदना फाटकात उतरेल, सामान घेऊन घरात येईल आणि तो नंतर एकटा गाडी आत घालेल. आजवर तसेच होत आले होते, कारण फाटक उघडायला तीच उतरते. त्या दिवशी फाटक उघडे होते. ते मीच उघडे ठेवले होते. तिच्या हातात सामान असेल, तिला उतरून उघडावे लागू नये, म्हणून.

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी गाडी फाटकातून आत आली व न थांबता सरळ कोठाराकडे गेली. वंदना डाव्या बाजूला पुढे बसली होती. मला खिडकीत पाहून तिने काच खाली केली आणि डब्याची पिशवी उचलून दाखवली. मला कुहीकडचे चिन्नोर तांदळाचे पोहे आवडतात. पुढची चाके उतारावर चढली. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “वंदना, त्याले म्हण, गाडी थांबव, खाली पेव आहे.” माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आहे, तो त्या दिवशीही गेला. वंदना हसली. घरात पाऊल पडायच्या आधीच आमचे सुरू झाले असे तिला वाटले असावे. ती अमोलकडे वळली आणि म्हणाली, “काकाजी म्हणून राहिले,” आणि फळ्या गेल्या.

मी सरळ “अमोल, थांब” असे का म्हटले नाही, हे मला तीन वेळा विचारण्यात आले. दोन शब्द आहेत. ते तोंडात आले नाहीत. सहा वर्षांत ते नाव मी हाक म्हणून घेतलेले नव्हते. अमोलने माझे ओरडणे ऐकले होते की नाही, आणि ऐकले असल्यास ब्रेकवर पाय का ठेवला नाही, हे त्याला विचारावे. काच खाली होती. तो तिच्याकडे पाहत होता, तिचे म्हणून व्हायची वाट पाहत होता. हे मी पाहिले आहे आणि शपथेवर सांगेन.

झाकणाचा दगड मधोमध तुटला. त्याबरोबर पेवाच्या तोंडाची माती खचली व गाडी डावीकडे कलून पुढच्या दारापर्यंत आत गेली. अमोल उजव्या दाराने बाहेर आला. वंदना आत होती. विटा, तुळई व गाडीचा पत्रा यांत तिचा डावा पाय कमरेपर्यंत अडकला होता. ती ओरडत नव्हती. वस्तीतले पंधरा-वीस जण धावत आले. केशव आणि दुसरा एक जण बाजूच्या फटीतून खाली उडी मारायला निघाले. मी त्यांना अडवले. बारा फूट खोल आहे, आतली हवा साठ वर्षांची आहे, आधी बादलीत दिवा सोडा, असे सांगितले. दिवा सोडला. तो फडफडला, पण विझला नाही. मग ते उतरले व खालून विटा काढल्या. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी अग्निशमन दल आले आणि पत्रा कापून तिला बाहेर काढले.

मी दिवा सोडायला सांगितले तेव्हा अमोल गाडीच्या दाराला धरून उभा होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तो केशवला म्हणाला, “पाह्य, याले सगळं माहीत होतं.” तक्रारीतील दुसरी गोष्ट त्याने तेथून घेतली आहे.

शनिवार दि. २२ रोजी सकाळी मी धंतोलीतील ज्या खासगी दवाखान्यात वंदनाला ठेवले आहे तिथे सिटी बसने गेलो. जिन्यात अमोल भेटला. सहा वर्षांनंतर तो माझ्याशी जे पहिले वाक्य बोलला ते असे, “म्हणा आता. आहे का एखादी कविता याच्यावर?” मी त्याच्या बाजूने वर गेलो. नर्सबाईंनी मला आत सोडले.

वंदनाचे खुब्याचे हाड मोडले असून रात्री ऑपरेशन झाले होते. डाव्या पायाला अजून स्पर्श कळत नाही. चालता येईल की नाही हे एवढ्यात सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ती शुद्धीत होती. तिने माझे जेवण झाले का ते विचारले. मग म्हणाली, “काकाजी, मी फोनवर निरोप इचारला होता ना तुम्हाले. तवा माहीत होतं का?” अमोल दारात उभा होता. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत राहिलो. मग तिला आराम कर म्हणालो आणि निघालो. बसमध्ये मला उभे राहावे लागले. धंतोली ते हुडकेश्वर या प्रवासात मला शाळेतली एकही ओळ आठवली नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी इथे देतो. माहीत होते. मंगळवारी केशवची पहार वाजली त्या क्षणापासून माहीत होते. मध्ये सांगायला माणूस नव्हते हे कारण मी सुरुवातीला तोंडी दिले होते. ते कारण खरे नाही. केशव होता, फोन होता, आणि फोनवर ती स्वतः होती. फळी कापली गेल्यावर आणि अमोलचे अंगणातले बोलणे ऐकल्यावर, त्याची गाडी त्या पेवात जावी असे मला वाटले. तो जखमी व्हावा असे वाटले होते काय, हे विचारण्यात आले. तितका विचार मी केला नाही. करायचा टाळला. गाडी जाईल, वस्ती गोळा होईल, आणि मग त्याला माझ्या खिडकीखाली येऊन, मध्ये कोणी नसताना, काका, खाली काय होतं, असे विचारावे लागेल, एवढेच चित्र मी तीन दिवस पाहत बसलो होतो. ते चित्र मला आवडत होते. वंदना त्या चित्रात नव्हती.

अमोलविषयी माझे मत बदललेले नाही. त्याने वह्या रद्दीत घातल्या, फळी कापली, घरात ठेवले म्हणून उपकार सांगितले, आणि खोटा करवतीचा आरोप केला. या गोष्टींसाठी त्याला मी माफ केलेले नाही व करणार नाही. त्याने मला माफ करावे असेही माझे म्हणणे नाही. कोठाराचा माझा हिस्सा मी वंदनाच्या नावाने करून देण्यास तयार आहे. पण तो या जबाबाच्या बदल्यात नाही, आणि तसा अर्थ कोणी काढू नये.

या जबाबाची प्रत वंदनाला वाचून दाखवावी अशी माझी विनंती आहे. गाळून दाखवू नये.

हा जबाब मराठीत संगणकावर लिहून घेण्यात आला व दुपारी २.०५ वाजता मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. वाचताना लिहून घेणाऱ्या साहेबांनी थांबून विचारले की, गुरुजी, तुमचे वय पाहता “माहीत असून सांगितले नाही” याऐवजी “सांगायचे राहून गेले” असे लिहू काय. त्यांचा हेतू चांगला होता. मी नको म्हणालो. राहून काही गेले नव्हते. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष सही :
वा. ना. तितरमारे